लाट ओसरल्यावर: महासाथ आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे मन

(एका परिचर्या महाविद्यालयात परिचारिका, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

व्यासपीठावरील मान्यवर, प्राध्यापक, इन्चार्ज सिस्टर, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

कोविड-१९ ही आता आंतरराष्ट्रीय आणीबाणी राहिलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. तेव्हापासून महासाथीबद्दल कोणी बोलू लागले की ऐकणाऱ्याला वाटते, झाले गेले ते आता कशाला उगाळायचे. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे जे आरोग्य कर्मचारी आले, त्यांतले बरेचसे लाटेच्या ऐन भरात आले नव्हते. कोविड वॉर्ड बंद होऊन नेहमीचा वॉर्ड सुरू झाला, रजा मिळू लागल्या, घरचे लोक ‘आता सगळे सुरळीत झाले ना’ असे विचारू लागले, आणि त्यानंतर ही माणसे आली. सारे सुरळीत झाले असताना आपल्यालाच काय झाले आहे, हे त्यांना उमगत नव्हते आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

ही गोष्ट नवी नाही. २००३ साली कॅनडातील टोरांटो शहरात सार्स या संसर्गजन्य श्वसनविकाराची साथ आली आणि काही महिन्यांत आटोक्यातही आली. त्यानंतर साधारण एक ते दोन वर्षांनी तिथल्या संशोधकांनी सार्सचे रुग्ण सांभाळलेल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची तुलना जवळच्याच हॅमिल्टनमधील, सार्सचे रुग्ण न आलेल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांशी केली. टोरांटोतील कर्मचाऱ्यांमध्ये बर्नआउट, मानसिक त्रास आणि आघातानंतरची लक्षणे जास्त आढळली, आणि त्यांच्यातल्या अधिक जणांनी रुग्णांशी थेट संबंध येणारे काम किंवा कामाचे तास कमी करून घेतले होते. साथ काही महिन्यांची होती, तिचा परिणाम मात्र दोन वर्षांनीही मोजता येत होता. कोविडच्या लाटा तर दोन वर्षे येत राहिल्या.

या कर्मचाऱ्यांची सहनशक्ती कमी पडली, असे मला अजिबात वाटत नाही. त्यांना ज्या व्यवस्थेत काम करावे लागले ती माणसे थकवणारी होती. महासाथीआधीही ती तशीच होती आणि नंतरही फारशी बदललेली नाही. म्हणून ‘मन खंबीर ठेवा’ हा सल्ला मला अपुराच नाही, काहीसा अन्यायाचाही वाटतो. हे मी का म्हणते ते सांगण्यासाठी आधी दोन अवस्था एकमेकींपासून वेगळ्या कराव्या लागतील, कारण रोजच्या बोलण्यात आपण त्यांची सरमिसळ करतो.

पहिली अवस्था बर्नआउट. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली तिच्यावर लिहिले ते एका मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांना आणि स्वतःला पाहून. म्हणजे ही संकल्पना जन्मली तीच आरोग्यसेवेत. पुढे क्रिस्टिना मासलाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा आणि नीट न हाताळला गेलेला ताण यातून उद्भवणारी, कामाशी निगडित अवस्था असे त्याचे वर्णन केलेले आहे. त्याची तीन अंगे सांगतात: शक्ती संपल्यासारखा थकवा, कामापासून मन दुरावणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

वॉर्डात ही तीन अंगे कशी बोलतात ते तुम्ही माझ्याहून जास्त ऐकले असेल. ऑफचा दिवस पूर्ण झोपून काढूनही दुसऱ्या दिवशी गणवेश चढवताना हात जड होतात. ‘सखूबाईंना ताप आला आहे’ असे सांगणारी सिस्टर ‘बारा नंबरला ताप आहे’ असे सांगू लागते, आणि नातेवाइकाने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला की तिच्या आवाजाला जी धार येते ती तिची स्वतःचीच तिला ओळखू येत नाही. तिसरे अंग सर्वांत उशिरा दिसते आणि सर्वांत जास्त दुखते. वीस वर्षे सफाईने सलाइन लावणारी परिचारिका मनात म्हणू लागते की आपण या कामाच्या लायकीच्या राहिलो नाही.

दुसरी अवस्था नैराश्य, आणि तो आजार आहे. त्याची प्राथमिक चाचपणी करण्यासाठी नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली जगभर वापरतात, ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते: कशातच रस वाटत नाही का, मन खिन्न असते का, झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे का, आपण अपयशी आहोत असे वाटते का, जगण्यापेक्षा मेलेले बरे असे विचार येतात का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन असे गुण असतात, बेरीज जास्तीत जास्त २७ होते, आणि ती १० किंवा त्याहून अधिक आली तर नीट तपासणी करायला हवी असे मानतात. बर्नआउट कामाला चिकटलेला असतो. सुट्टीत, गावी गेल्यावर, मुलांत असताना तो निदान सुरुवातीच्या काळात थोडा सैल पडतो. नैराश्य सोबत गावी येते. ते लेकराच्या वाढदिवसालाही येते.

हा फरक नेमका लक्षात ठेवायला हवा, कारण दोन्हीकडून नुकसान होते. नैराश्याला ‘ड्युटीचा थकवा’ म्हटले की औषधाने आणि समुपदेशनाने बरा होऊ शकणारा माणूस महिनोन् महिने विनाउपचार राहतो. आणि बर्नआउटला ‘तुमचा मानसिक आजार’ म्हटले की चाळीस रुग्णांमागे एक परिचारिका ठेवणारी व्यवस्था नामानिराळी राहते, अन् गोळ्या त्या परिचारिकेने घ्यायच्या. प्रत्यक्षात दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत एकत्र असू शकतात, आणि प्रदीर्घ बर्नआउटचे बोट धरून नैराश्य आलेले मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा दोन्हींचा इलाज करावा लागतो, एक माझ्या ओपीडीत आणि दुसरा ड्युटीच्या तक्त्यात.

आता महासाथीकडे वळू. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याआधीच, जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली होती. त्यांच्यापैकी ५०.४ टक्क्यांनी नैराश्याची, ४४.६ टक्क्यांनी चिंतेची आणि ३४ टक्क्यांनी निद्रानाशाची लक्षणे सांगितली. त्रासाची तीव्रता परिचारिकांमध्ये, स्त्रियांमध्ये, वुहानमध्ये आणि थेट कोविड रुग्णांजवळ असणाऱ्यांमध्ये अधिक होती. ही लक्षणांची टक्केवारी आहे, निदानाची नाही, हे मी विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगते; तरीही हा निबंध मार्च २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता. आपल्याकडे लाट येण्यापूर्वी इशारा मिळालेला होता.

पहिल्या लाटेतले मुख्य दुखणे भीतीचे होते. पीपीई किट चढवल्यावर ते उतरवेपर्यंत सहा-सहा, आठ-आठ तास पाणी नाही आणि स्वच्छतागृह नाही, म्हणून ड्युटीच्या आधी चार तास पाणी न पिणाऱ्या मुली, पाळीच्या दिवसांत डायपर लावून उभ्या राहणाऱ्या सिस्टर, गॉगलवर वाफ धरल्याने शीर हाताला लागते पण डोळ्यांना दिसत नाही अशी अवस्था, पाठीवर मार्करने लिहिलेले नाव नसेल तर शेजारची व्यक्ती कोण हेही न कळणे. बाहेर आल्यावर नाकावर आणि गालांवर मास्कचे वळ. हे सगळे तुम्ही सोसले आहे. पण मला येणाऱ्यांकडून जे सर्वांत जास्त ऐकू आले ते आजारी पडण्याच्या भीतीबद्दल नव्हते. आपण घरी जाऊ आणि म्हाताऱ्या सासऱ्यांना किंवा तान्ह्या बाळाला आजार देऊ, ही ती भीती होती. कित्येक जणींनी महिना-महिना मुलाला दारातूनच पाहिले.

आणि मग शेजारी. घरमालकांनी खोल्या खाली करायला सांगितल्या, सोसायट्यांनी लिफ्ट वापरू दिली नाही. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोविडने गेलेल्या एका डॉक्टरांच्या दफनविधीला जमावाने हिंसक विरोध केला. त्यानंतर काही दिवसांतच, २२ एप्रिलला, केंद्र सरकारने वटहुकूम काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरवला. त्यासाठी १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तो कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. आपल्या परंपरेत सेवेचे इतके उत्तुंग उदाहरण आहे याचा मला अतिशय अभिमान आहे. मात्र सावित्रीबाईंनी जे स्वेच्छेने पत्करले ते पगारी, कंत्राटी किंवा बंधपत्रित कर्मचाऱ्याकडून कर्तव्य म्हणून वसूल करता येत नाही. त्यांच्या नावाने मानवंदना द्यायची आणि मास्क मात्र आठवड्याला एक द्यायचा, हे मला मान्य नाही.

दुसरी लाट वेगळी होती. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात रोजचे नवे रुग्ण साठ हजारांच्या पुढे गेले. एव्हाना बहुतेक आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मिळाली होती, स्वतःच्या जिवाची भीती काहीशी कमी झाली होती, आणि तरीही माझ्याकडे आलेली सर्वांत खोल जखम याच महिन्यांतली आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्यांनी तिला नैतिक इजा असे नाव दिले आहे. योग्य काय ते माणसाला पक्के ठाऊक असते, ते करण्याचे कौशल्य त्याच्या हातात असते, आणि साधन नसल्यामुळे किंवा वरून आलेल्या निर्णयामुळे त्याला ते करता येत नाही, उलट त्याच्या नेमके विरुद्ध घडताना पाहावे लागते. एक व्हेंटिलेटर आणि चार रुग्ण असतील तर निवड कोणी करायची? इटलीतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०२० मध्येच त्यासाठी लेखी मार्गदर्शन काढले होते. ते वादग्रस्त ठरले, पण रात्री तीन वाजता एकट्या डॉक्टरवर भार पडू नये हा त्यामागचा हेतू योग्य होता. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती निवड एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने केली आणि तिचे ओझे आजही तो एकटाच वाहतो आहे.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. मे महिन्यात गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहाटेच्या मृत्यूंचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. अशा बातम्या वाचताना आपण रुग्णांचा आणि नातेवाइकांचा विचार करतो, आणि तो करायलाच हवा. पण दाब घसरताना खाटेजवळ उभी असलेली, हाताने दाबून श्वास देण्याची अम्बू बॅग घेऊन एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे धावणारी माणसेही तिथे होती. त्यांची नंतर चौकशी झाली असेल. विचारपूस झाली का, हा माझा प्रश्न आहे.

एका अधिपरिचारिकेबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सांगण्याची परवानगी तिने दिली आहे. दुसऱ्या लाटेत तिला रात्रपाळी होती, तीस खाटांच्या वॉर्डात दोन परिचारिका आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. तिच्याकडे आणखी एक काम आले होते: मृत्यू झाला की रुग्णाच्या उशाजवळचे सामान प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर केस पेपरचा नंबर लिहायचा. चष्मा, कवळी, चार्जर, कंगवा, जपमाळ आणि मोबाइल. नातेवाइकांना मृत्यूची बातमी डॉक्टरांनीच द्यायची असा नियम होता आणि डॉक्टर आयसीयूत अडकलेले असत. त्यामुळे तासन् तास त्या पिशव्यांतले फोन वाजत राहत. पडद्यावर ‘आई’, ‘घर’, ‘छकुली’ अशी नावे उमटत, आणि फोन उचलायचा नाही म्हणून ती ती नावे वाचून पुढच्या रुग्णाकडे जाई.

लाट संपून सात-आठ महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती ॲसिडिटी आणि झोप न लागणे एवढ्याच तक्रारी घेऊन, तीही पतीच्या आग्रहावरून. बोलता बोलता कळले की तिने घरातले सगळे फोन सायलेंटवर ठेवले होते, एका लग्नात कोणाचा तरी फोन वाजला तेव्हा तिला दरदरून घाम फुटला होता, आणि त्यानंतर तिने समारंभांना जाणेच सोडले होते. तिचे वजन उतरले होते. ‘आपण नसलो तर मुलांचे काही अडणार नाही’ हे वाक्य ती अगदी हिशेब सांगावा तशा सुरात बोलली. हे नैराश्य होते, सोबत आघाताची लक्षणे होती, आणि उपचारांनी तिला पुष्कळ बरे वाटले. पण एक गोष्ट औषधाने गेली नाही. ‘मी एक तरी फोन उचलायला हवा होता,’ असे ती म्हणे. तुझी काही चूक नव्हती, असे तिला सगळ्यांनीच सांगितले होते आणि त्याचा उपयोग झाला नव्हता, कारण तिला स्वतःच्या चुकीची टोचणी नव्हती. आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी घोर घडले आणि ते कोणी मान्यच करत नाही, हे तिचे दुःख होते. त्या वॉर्डात काम केलेल्या पाच-सहा जणी एकत्र बसल्या आणि त्या रात्रींबद्दल एकमेकींशी बोलल्या, तेव्हा कुठे ती गाठ सैल होऊ लागली.

याच काळात डॉक्टरांच्या मनुष्यबळाचे काय झाले ते पाहू या, कारण माझ्या मते बर्नआउटचे खरे मूळ तिथे सापडते. नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा २०२१ मध्ये आधी १८ एप्रिलला ठरली होती. ती पुढे ढकलली गेली, ११ सप्टेंबरला झाली, आणि आरक्षणासंबंधीच्या न्यायालयीन वादामुळे जागावाटपाची प्रवेशप्रक्रिया सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडले. म्हणजे एरवी वर्षाच्या मध्याला रुजू होणारी निवासी डॉक्टरांची, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांची, अख्खी तुकडी कित्येक महिने आलीच नाही. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी ओढले, तेही दुसरी लाट नुकतीच झेलून आणि ओमायक्रॉनच्या तोंडावर. निवासी डॉक्टरांनी सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम करू नये, असे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत म्हटलेले आहे. या सभागृहातल्या निवासी डॉक्टरांच्या चेहऱ्यांकडे पाहिले की त्या तरतुदीचे काय झाले ते कळते. सलग ३६ तास जागलेल्या माणसाला प्राणायामाचे सत्र दिल्याने त्याचा बर्नआउट जाणार नाही. त्याला झोप हवी आहे, आणि त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा डॉक्टर हवा आहे.

आशाताईंबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण या विषयावरच्या बहुतेक पाहण्या रुग्णालयांत होतात आणि आशा रुग्णालयात नसते. महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा स्वयंसेविका आहेत. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाली तेव्हा ऑक्सिमीटर, थर्मल गन आणि रजिस्टर घेऊन घरोघर गेलेल्या याच बाया. ज्या गावात सर्वेक्षण करायचे त्याच गावात त्या राहतात; पॉझिटिव्ह रुग्णाचे नाव वर कळवले म्हणून ज्याच्याशी भांडण झाले तो दुसऱ्या दिवशी नळावर भेटतो. दार लावून घेणे, ‘तू आणशील आजार’ म्हणून अंगणातून परत पाठवणे, किराणा दुकानात वेगळे उभे करणे हे त्यांनी सोसले. रुग्णालयातल्या परिचारिकेला निदान ड्युटी संपते; आशाताईचा फोन रात्री अकरालाही वाजतो. आणि हे सर्व करणारी स्त्री कागदोपत्री कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला मोबदला मिळतो, वेतन नाही. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा मासिक मोबदल्यात हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मंजूर झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. तो योग्यच होता. पण माझ्याशी बोललेल्या आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या एका गटप्रवर्तक ताईंनी सांगितले की त्यांच्या भागातल्या आशांना चार महिन्यांचे पैसे तेव्हा यायचे होते. मोबदला थकणे हे मनोविकाराच्या पुस्तकात कारण म्हणून लिहिलेले नसते. ओपीडीत मात्र ते रोज ऐकू येते.

कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्डातल्या मावशी-मामांचीही तीच कथा आहे. जम्बो कोविड केंद्रे, म्हणजे तात्पुरती मोठी रुग्णालये, उभी राहिली तेव्हा त्यांना तातडीने बोलावले गेले, आणि लाट ओसरताच अनेकांची सेवा संपली. ३ मे २०२० रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले पडली तेव्हा खाली उभे असलेल्यांपैकी किती जण वर्षभराने नोकरीत होते, याची मोजदाद झाली पाहिजे असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने मरण पावले असावेत. खालचा आणि वरचा आकडा यांत लाखाचे अंतर आहे. गेलेल्यांची नीट गणती ठेवलेली नसली म्हणजे असा अंदाज बांधावा लागतो.

आता उभारीबद्दल. महासाथीत आमच्या शाखेतील लोकांनी उत्साहाने अनेक उपक्रम केले: हेल्पलाइन, वेबिनार, ध्यानाची सत्रे. मीही त्यांत होते. त्यांचा काहींना लाभ झाला. पण किट उतरवून घामाने भिजलेली परिचारिका घरी पोचल्यावर अनोळखी नंबरला फोन लावून मन मोकळे करील, ही अपेक्षा वास्तवाला धरून नव्हती. संशोधन काय सांगते तेही पाहण्यासारखे आहे. एखाद्या भीषण घटनेनंतर सर्वांना सक्तीने एकदाच बसवून ‘काय वाटले ते सांगा’ असे सत्र घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. पण अशा एकाच सक्तीच्या सत्राने आघातोत्तर विकार टळत नाहीत आणि काहींना त्याने त्रासही होऊ शकतो, असे दिसून आल्याने ती आता सुचवली जात नाही. डॉक्टरांच्या बर्नआउटवरील उपायांचा जो एकत्रित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात ड्युटीचे तास, कामाची विभागणी, संघाची बांधणी अशा संस्थेने केलेल्या बदलांचा परिणाम व्यक्तीला शिकवलेल्या तंत्रांपेक्षा जास्त आढळला.

मी पाहिलेल्या वॉर्डांचा अनुभव याला जुळणारा आहे. एका ठिकाणी इन्चार्ज सिस्टरने एकच गोष्ट केली: नवख्या मुलीची ड्युटी कधी एकटी लावली नाही, जुन्या सिस्टरशी जोडी लावली, आणि जोडी मोडू दिली नाही. कोण जेवले नाही, कोण रडून आले, हे जोडीदारणीला कळायचे आणि ती परस्पर सांभाळून घ्यायची. दुसऱ्या एका विभागात प्रमुख डॉक्टर स्वतः किट घालून रोज आत जात. त्यांनी कधी भाषण केले नाही, पण तिथल्या निवासी डॉक्टरांना आपल्याला सोडून दिले आहे असे कधी वाटले नाही. ऑक्सिजनचा साठा किती आहे, उद्या किती येणार, हे काही ठिकाणी दर पाळीला फळ्यावर लिहिले जाई. बातमी वाईट असली तरी माहीत असलेल्या वाईट बातमीचा ताण अफवेपेक्षा कमी असतो. हेही सांगायला हवे की सगळेच मोडले नाहीत. पुष्कळ जणांनी मला सांगितले की आयुष्यात आपले काम इतके उपयोगी कधी वाटले नव्हते. पण हे सांगणारे बहुतेक जण नीट चाललेल्या, एकमेकांना धरून असलेल्या चमूंतले होते, आणि म्हणून त्यांच्या चिवटपणाचे श्रेय मी एकट्या त्यांच्या स्वभावाला देत नाही.

उपचारांच्या वाटेत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक खास अडथळा असतो. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांचा एप्रिल २०२० मध्ये आत्महत्येने मृत्यू झाला. मानसोपचार घेतल्याचे कळले तर आपला वैद्यकीय परवाना धोक्यात येईल अशी धास्ती त्यांना होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. त्यांच्या नावाने मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे धास्तीचे रूप निराळे आहे. आपल्याच रुग्णालयात केस पेपर काढला तर तो क्लार्क पाहील, औषधाच्या खिडकीवर ओळखीचा माणूस असेल, दुपारपर्यंत वॉर्डात बातमी पोचेल, आणि पुढच्या वेळी बढतीच्या यादीत ‘तिला झेपणार नाही’ असा शेरा बसेल. ही भीती पोकळ नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि तुम्ही रुग्ण झालात म्हणजे तो हक्क तुमचाही असतो. पण त्याची अंमलबजावणी रुग्णालयाच्या प्रशासनाने करायची असते. कर्मचाऱ्यांसाठी वेगळी वेळ, वेगळी नोंदवही आणि शक्यतो दुसऱ्या संस्थेतील तज्ज्ञ एवढी व्यवस्था करायला फार पैसे लागत नाहीत. ज्यांना तेही नको आहे त्यांच्यासाठी टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर मात्र वेळ, रांग, लाज यांतले काहीही आड येऊ देऊ नका. त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन या. शेजारच्या सहकाऱ्याबद्दल तशी शंका आली तर थेट विचारा. विचारल्याने असा विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. तो असेल तर बाहेर यायला वाट मिळते.

इथे बसलेल्या इन्चार्ज सिस्टर आणि विभागप्रमुखांना माझी एक विनंती आहे. तुमच्या हातात पदे मंजूर करणे नाही, ते मला माहीत आहे. रिक्त पदांची यादी दर महिन्याला लेखी वर पाठवणे मात्र तुमच्या हातात आहे, आणि त्या पत्राला ‘अपुऱ्या मनुष्यबळामुळे कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम’ हा परिच्छेद जोडणेही. आजारपणाच्या रजा, सोडलेल्या नोकऱ्या, बदलीचे अर्ज यांची वॉर्डनिहाय नोंद ठेवा. पुढच्या साथीत कोणत्या वॉर्डाला आधी माणसे द्यायची ते त्या नोंदीवरून ठरवता येईल. त्या नोंदवहीत कंत्राटी मुली, मावशी, मामा आणि तुमच्या कार्यक्षेत्रातल्या आशाताई यांचीही नावे घाला, कारण त्यांची नोंद आज कुठल्याच वहीत नाही.